सरकार आईबाप बघायला येतं तेव्हा

मानवजात आजवर टिकली ती धर्मामुळे नव्हे, विज्ञानामुळेही नव्हे, तर माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या शेजाऱ्याच्या सावधगिरीमुळे. निदान मुलुंडमधल्या आमच्या इमारतीचा तिसरा मजला तरी त्याच्यामुळेच शाबूत आहे, असं त्याचं ठाम मत आहे. आणि ते खोडून काढायला लागतो तसा एकही अपघात इतक्या वर्षांत इथे घडलेला नाही. विक्रोळीच्या एका कारखान्यात तो सुरक्षा अधिकारी आहे. कारखाना संध्याकाळी सुटतो, हा सुटत नाही. मी जिना उतरायला लागलो की त्याचं दार किलकिलं होतं आणि आतून आवाज येतो, "काका, कठड्याला हात!" सोसायटीच्या सत्यनारायणाला गुरुजींनी पोथी उघडण्याआधी याने उभं राहून, विमानातल्या हवाईसुंदरीसारखे दोन्ही हात पुढे करून, आग लागल्यास कुठल्या दाराने बाहेर पडायचं ते सांगितलं होतं. गुरुजी पूजाभर त्या दाराकडे सरकत राहिले. त्याच्या स्कूटरवर मागे बसलो तर स्टेशनचा दहा मिनिटांचा रस्ता पंचवीस मिनिटं चालतो. एकदा माझी गाडी चुकली तेव्हा म्हणाला, "पोचणं महत्त्वाचं, काका. वेळेवर पोचणं हा नुसता हट्ट असतो."

अशा माणसाला लग्नानंतर चौदा वर्षं मूल नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले, मग त्याच्या बायकोने एके दिवशी सांगून टाकलं की आता दत्तक घ्यायचं. ती कणकवलीकडची, तिने सांगितलं की ठरलं. कागदपत्रं झाली आणि कळलं की मूल देण्याआधी सरकारी नियमाप्रमाणे एक समाजसेविका घर बघायला येणार. आपल्याकडे मुलगी बघायला येतात. सरकार आईबाप बघायला येतं, इतकाच फरक. ओळखीच्या माणसांची शिफारसपत्रं लागतात, त्यातलं एक माझं होतं. मी त्यात 'निर्व्यसनी आणि सावध' असं लिहिलं. दुसरा शब्द कमी पडतो हे मला तेव्हाही कळत होतं.

घरभेटीची तारीख ठरली आणि त्याच्या अंगात कारखाना शिरला. टेबलाच्या कोपऱ्यांना फोम लागला, मग खुर्च्यांच्या, मग देवघराच्या. खिडक्यांना जाळ्या होत्याच, त्यांच्या आत आणखी जाळ्या आल्या. फ्रीज, कपाटं, भांड्यांची मांडणी, सगळ्याला कुलूप. गॅसच्या बटणांवर तर चावीने उघडणारा लोखंडी पेटारा. त्याची बायको माझ्या बायकोला म्हणाली, "आता माका चाय करूची झाली तर अर्ज करूक व्हयो."

शनिवारी सकाळी बाई आल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, साध्या चपला. शेजारधर्म म्हणून मलाही बोलावलं होतं. याने त्यांना उंबऱ्यावरच थांबवून सुरक्षेच्या सूचना दिल्या. बाईंनी त्या शांतपणे ऐकल्या, आत येऊन बसल्या आणि पेलाभर पाणी मागितलं.

पेले कुलपात होते.

"चावी खंय ठेवलात?" बायकोने हसत, पण दातांमधून विचारलं.

"सुरक्षित ठिकाणी."

"ता खंय?"

"आठवतोय ना!"

त्याने पँटचे खिसे पाहिले, देवघर पाहिलं, फोम दाबून पाहिला. शेवटी पाणी आमच्या घरून आलं, पाठोपाठ चहाही. ज्या घराची तपासणी चालली होती त्या घरातलं बाईंच्या पोटात काहीच गेलं नाही.

त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, "मूल पडलं तर काय कराल?"

"पडणार नाही, मॅडम. तशी व्यवस्था केली आहे."

"मुलं पडतात हो."

"या घरात नाही पडणार."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. याने उभं आयुष्य दुसऱ्यांचे तपासणी अहवाल भरण्यात घालवलंय. मध्येच बंद झालेल्या पेनाचा अर्थ त्याला आमच्याआधी कळला. त्याची बायको फरशीकडे बघत होती. चौदा वर्षं त्या टोपणापाशी येऊन थांबली होती. तो खुर्चीवरून उठला, पुन्हा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "घाबरेन, मॅडम. आधी घाबरेन, मग उचलेन. कारखान्यात मी उलटा क्रम शिकवतो. पण माझं असंच होणार."

बाईंनी टोपण काढलं आणि बराच वेळ लिहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचं काय मत?" मी पालकत्वावर चार भारदस्त वाक्यं तयार ठेवली होती. तोंडातून आलं, "पत्रात लिहिलाय तसाच आहे. थोडा कमी झाला तर आम्हाला बरं." बाई पहिल्यांदाच हसल्या. अहवाल चांगला गेला. शेवटी एक सूचना होती, पाहुण्यांसाठी पेले बाहेर ठेवावेत.

काही महिन्यांनी अडीच वर्षांची मुलगी घरी आली. तिसऱ्या दिवशी तिने भांड्यांच्या मांडणीचं कुलूप उघडलं. कसं, ते ती अजून कोणाला सांगत नाही. आता संध्याकाळी समोरून धावण्याचा आवाज येतो आणि त्याच्यामागून "अगं हळू, हळू!" मी टीव्हीचा आवाज कमी करतो. माझी दोन्ही मुलं याच मजल्यावर, उघड्या प्लगांच्या आणि टोकदार कोपऱ्यांच्या घरात वाढली. एक बंगळुरूला असतो, एक त्याहून लांब. आमचे कोपरे अजून तसेच टोकदार आहेत. त्यांच्यावर आपटायला कोणी नाही.

परवा मी जिन्याखाली उभा असताना ती शेवटच्या पायरीवरून पडली. गुडघा खरचटला. तो वरून धावत आला, तिला उचललं, कडेवर घेतलं, गुडघ्यावरचा रक्ताचा थेंब पाहिला, तिला नीट माझ्या हातात दिलं आणि जागच्या जागी कोसळला. मुलीच्या गुडघ्याला हळद लावली. टाके दोन पडले, ते त्याच्या हनुवटीला.