बारा स्क्रीनवर मीच

आज सकाळी गफूर सर गेले, आणि मला राहून राहून हसू येतंय.
ते रागावणार नाहीत, खात्री आहे.

लातूरच्या आमच्या क्लासची कॉम्प्युटर लॅब सर सांभाळायचे. बारा जुनी मशीन्स, सगळ्यांवर लिनक्स, सगळ्यांना मिळून लॉगिन एकच.

मी देवणीहून डॉक्टर व्हायला आलेली. बायोलॉजी बुडवून लॅबमध्ये बसायची.
टेस्टचे मार्क घरी कळले. माझे वडील, अण्णा, मला कायमचं परत न्यायला निघाले.
मला जायचं नव्हतं.

शेवटचा दिवस म्हणून स्क्रीनच्या बॅकग्राउंडला स्वतःचा फोटो लावायला घेतला. तिथं माउसनं काही व्हायचं नाही, स्टार्टअप फाइलमध्ये कमांड लिहावी लागायची.
लिहिली. ॲडमिशन फॉर्मवरचा पासपोर्ट फोटो दिला. फक्त एकच फोटो स्क्रीनभर पसरायला ‘फिल’ लिहायचं तिथं ‘टाइल’ लिहून बसले.
आणि लाइट गेली.

आली तेव्हा बाराही मशीन्स एकदम सुरू झाली. लॉगिन एक, म्हणजे सर्व्हरवरची फाइलही सगळ्यांना एकच!
प्रत्येक स्क्रीनवर फरशी बसवल्यासारखी मीच मी. तेल चोपडलेल्या दोन वेण्या, रडका चेहरा, रांगेनं.
दारात अण्णा.

लातुरात तेव्हा फोटो टॉपरचाच लागायचा. अण्णा हरखले.
"पैली आली काय पोरगी?"
"न्हाई हो, नापास हाय," सर म्हणाले. "पण हे तिनं एकटीनं केलंय. मी शिकवलं न्हाई."
मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.
"चुकलं सर, काढते."
"राहू दे, बेटा."

सर किल्लारीकडचे. स्वतःच्या मशीनवर नुसता निळा रंग ठेवायचे. का, ते त्या दिवशी कळलं.
"भाऊ, भूकंपात आमच्या घरातला एकबी फोटो उरला न्हाई. अम्मीचा बी न्हाई. तुमचं लेकरू डोळ्यापुढं हाय, कायतरी करून राहिलंय. एक वर्ष माझ्याकडं ठेवा. डॉक्टर न्हाई होणार, पण उपाशी बी न्हाई मरणार."

अण्णांनी स्क्रीनवरच्या एका फोटोवर बोट ठेवलं.
"एकच मोठा फोटो करता येत न्हाई का?"
सर खो खो हसले. "मला काय विचारता? तिला विचारा."
मी एक शब्द बदलला.

त्या संध्याकाळी देवणीच्या एसटीत अण्णा एकटेच चढले.

शुक्रिया, सर.
खुदा हाफिज.