दाजींना चावलेला कोळी

कामशेतच्या आमच्या तांदळाच्या दुकानात दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सुटीच्या दिवशी परंदवडीहून मदतीला येतात. काम संपलं की पोती शिवायचा दाभण सुतळीच्या गुंड्यात खोचायचा, हा दुकानाचा जुना दंडक. काही वर्षांपूर्वी एका दुपारी मी तो रिकाम्या बारदानातच विसरलो. दाजींनी बारदान उचललं, कळवळून हात झटकला, आणि नेमका तेव्हाच आतून चांगला मोठा कोळी पळाला. झालं. चपलेखाली त्याचा निकाल लागला. नंतर बारदान झटकताना दाभण माझ्या हाती आला. मी तो पुसून गुंड्यात खोचला.

सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. पण सगळे कोळ्यावर बोलत होते, आणि गप्प बसणं मला जन्मापासून जमतं.

शेजारचे किराणावाले चाचा म्हणाले, काळा असता तर आटोपलंच होतं, करडा होता म्हणून निभावलं. ताईनं आंबोशी उगाळून बोटाला लेप दिला. मीही मागे राहिलो नाही. फोनवर विषारी कोळ्यांची माहिती काढून सगळ्यांना वाचून दाखवली. त्यातले निम्मे ऑस्ट्रेलियात राहणारे होते.

तिसऱ्या दिवशी बोट वांग्यासारखं झालं, लाल रेघ मनगटापर्यंत चढली, अंगात ताप. लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी कोळ्याची हकिकत शेवटपर्यंत ऐकून घेतली. म्हणाल्या, आपल्याकडच्या घरातले कोळी चावले तरी बहुतेकदा मुंगी चावल्याइतकंच होतं. हे काहीतरी खोल टोचलंय. दाजी कोळ्यावर ठाम. त्यांना आत नेल्यावर मी हळूच दाभणाचं सांगितलं. कधीपासून माहीत आहे, असं बाईंनी विचारलं. मी तीन बोटं दाखवली.

बोट चिरून पू काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. हात वाचला. बोट मात्र आजही वाकत नाही.

पवनेकडे निघालेले पर्यटक तांदळाला थांबले की दाजी ते ताठ बोट दाखवून कोळ्याची गोष्ट सांगतात. मी वजन करत ऐकतो. परवा दुकानात आम्ही दोघंच होतो. सगळं सांगून टाकलं.

दाजींनी हातातलं पोतं खाली ठेवलं.

"तीन दिस गप बसला, पावणं?"

"हो."

"तुमच्या ताईला बोलला?"

"नाही."

"मग बोलू नका. कोळ्याचं बोट म्हणून लोकं इचारत्यात तरी. दाभणाला कोण इचारतंय?"

एवढ्यात पुण्याचं एक जोडपं इंद्रायणी तांदूळ मागत आलं. बाईंची नजर बोटाकडे गेली आणि दाजींनी गोष्ट सुरू केली. कोळी पळाला तिथं थांबून ते माझ्याकडे वळले.

"तुमी व्हता की तितं. सांगा, केवढा व्हता?"

मी तळहात दाखवला. दाजी माझ्याकडे बघतच राहिले. मी दुसराही तळहात शेजारी लावला, तेव्हा कुठं ते पुढं सांगू लागले.