एकच तुरटी सगळ्यांना

रिपोर्टवरून नजर न काढता डॉक्टरांनी विचारलं, "गोळी चुकवली होतीस?"

"एक दिवस नाही, साहेब."

खरंच नव्हती. सातवीतून शाळा सुटली, उदगीरकडून हैदराबादला आलो आणि काचीगुड्याच्या सलूनमध्ये उस्तादांच्या हाताखाली कात्री धरायला शिकलो. पुढं थकवा जाईना म्हणून रक्त तपासलं, तर हिपॅटायटिस बी निघाला. तेव्हापासून रोज एक गोळी. रक्तातला विषाणू दिसेनासा झाला होता. आता तो परत वाढला होता.

"तुझी चूक नाही," डॉक्टर म्हणाले. "विषाणूच बदललाय. या एका गोळीला आता दाद देत नाही. जुनी सोडू नकोस, तिच्या जोडीला ही नवी घे. आणि तुझं रक्त कुणाच्या जखमेला लागू देऊ नकोस."

मी दाढ्या करतो, हे सांगायला तोंड उघडलं, तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

दुकानात तेव्हा सगळं नवं येत होतं. रंगीत टीव्ही, केबलवर क्रिकेट, दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड. तुरटी तेवढी जुन्या रीतीची. एकच ओला खडा, सगळ्यांच्या गालांवरून फिरायचा.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत रोजचे एक म्हातारे साहेब होते. अर्धी दाढी झाल्यावर ब्लेडवरचा फेस पुसताना ते माझ्याच अंगठ्याला लागलं. कापलं की तुरटी, ही हाताची सवय. डोक्याला कळायच्या आत अंगठा खड्यावर दाबला गेला. मी उस्तरा खाली ठेवला.

"क्या मियाँ, आधी दाढी लेके घर जाऊँ क्या?" साहेब म्हणाले.

मी खडा उचलून कचऱ्यात टाकला. उस्तरा खाली ठेवला.

"नई फिटकरी काइकू फेके?" पलीकडून उस्ताद ओरडले.

त्यांनी स्वतःच्या उस्तऱ्यानं साहेबांची दाढी पुरी केली. मग त्यांना दुकानामागं नेऊन मी सगळं सांगितलं. झोपायचो त्याच दुकानात; संध्याकाळपर्यंत वळकटी रस्त्यावर येणार, असं वाटत होतं. उस्तादांनी माझ्या अंगठ्याकडं बघितलं.

"मेरेकू लगता क्या?"

"खून से लगता, उस्ताद. सुई है उसकी. लेना पडता."

दिवसभर लोकांच्या गळ्यावर ब्लेड फिरवणारा माणूस सुईच्या नावानं पांढरा पडला. "सुई नक्को रे!" मग म्हणाले, "रिपोर्ट आए तक दाढी मेरी, कैंची तेरी."

लसीच्या सुया घेतल्या त्यांनी, दर वेळी मला शिव्या घालत. खड्याच्या जागी तुरटीच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली आली. मी दोन्ही गोळ्या घेत होतो आणि आरशात डोळे बघत होतो. दुकानात चारी बाजूंना आरसे. डोळे पिवळे पडले का, हे बघायचं नाही म्हटलं तरी दिसायचं.

काही महिन्यांनी रिपोर्ट आला. विषाणू खूप उतरला होता, गेला नव्हता. या वेळी आत शिरताच मी आधी धंदा सांगितला. डॉक्टर म्हणाले, हातमोजे घाल, बोट कापलं तर काम थांबव. गोळ्या मात्र थांबवू नकोस.

"कम हुआ?" उस्तादांनी दुकानाच्या दारातच विचारलं.

"हौ. बहुत."

ते आत गेले, माझ्या खुर्चीत बसले आणि मान मागं टाकली. "पहले मेरी."

हातमोजे घातले, नवं ब्लेड बसवलं. उस्तरा थेट त्यांच्या कोरड्या गालाला टेकवला.

"हिलरा तू," डोळे न उघडताच ते म्हणाले. "साबन तो लगा पहले."