काकांसाठी स्थळ

कुणाच्याही घरी गेल्या की काकू आधी पाणी मागत. तहान असो वा नसो. ग्लास हातात आला की तो तसाच धरून बसत आणि डोळे घरभर फिरवत. पाणी कोणी आणलं, बोटं ग्लासात बुडवून आणलं का, आणणाऱ्यावर आतून कोणी खेकसलं का, हे सगळं त्यांना तेवढ्यात कळे. स्थळ नापसंत असलं की ग्लास टीपॉयवर भरलेलाच राही. पसंत असलं की काकू तो शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकत. लखनौतल्या आम्हा मराठी मंडळींना ही खूण पाठ होती.

लग्नं जमवणाऱ्या अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. पण परमुलखात त्यांचं काम अवघड. इथे मराठी घरं मोजकी. कुणी रेल्वेत, कुणी केंद्र सरकारच्या कचेरीत, कुणी प्रयोगशाळेत. पोरांना मराठी कळतं, पण उत्तर येतं हिंदीत. काकू मात्र हौसेने हिंडत. काका रेल्वेत इंजिनिअर होते, त्यांना बायकोच्या या उद्योगाची मोठी गंमत वाटे.

माझं लग्नही काकूंनीच जमवलं. बदली होऊन मी इथे आलो तेव्हा सडाफटिंग होतो. एक घर मला फार आवडलं होतं. दिवाणखाना मोठा, सोफा भारी. काकूंनी ग्लास भरलेलाच ठेवला. जिन्यात म्हणाल्या, "अरे, सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. ती माणसं तुला तरी सुखाने बसू देतील का?" पुढच्या घरी एक मांजर होतं. ते येऊन सरळ काकूंच्या पायाशी झोपलं. काकूंनी पाणी संपवलं. पाहुण्याला बघून मांजर पळत नाही त्या घरात आदळआपट नसते, असं त्यांचं म्हणणं. त्या घरची मुलगी कित्येक वर्षं माझ्या घरात आहे, आणि काकूंचं म्हणणं साधारण खरं ठरलं आहे.

त्यांचा दुसरा नियम असा, की स्थळ कितीही पसंत असलं तरी होकार जागेवर द्यायचा नाही. हात जोडायचे आणि म्हणायचं, "घरी जाऊन कळवतो." लगेच हो म्हटलं की आपली बाजू हलकी पडते.

काकांचा कॅन्सर हाडांत उतरला तेव्हा डॉक्टरांनी काकूंना बाहेर बोलावून सांगितलं, "माताजी, अब इलाज से फ़ायदा नहीं. इन्हें ऐसी जगह रखिए जहाँ दर्द न हो." शेवटच्या दिवसांत माणसाचं दुखणं सांभाळणाऱ्या अशा जागा असतात, त्यांना हॉस्पिस म्हणतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. काकूंची लेक बेंगळुरूला, दिवस भरत आलेले. गाडी माझी होती, म्हणून मी बरोबर.

निघताना काका कॉटवरून म्हणाले, "जा, चांगलं स्थळ बघून या माझ्यासाठी. मंगळ नाही म्हणावं मुलाला. बाकी सगळं आहे."

काकू हसल्या नाहीत. चप्पल घालताना त्यांनी भिंतीला हात टेकला होता.

चारबागजवळची पहिली जागा हॉटेलसारखी होती. टाय लावलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला कारंजं दाखवलं, टीव्ही दाखवला, दर्शनी भागातली झाडं दाखवली. खोल्या दाखवायला मात्र त्यांना वेळ लागत होता. पाणी आलं ते सीलबंद बाटलीतून. काकूंनी झाकणसुद्धा उघडलं नाही.

चिनहटची जागा मला खरंच बरी वाटली. स्वच्छ, शांत, चादरी पांढऱ्याशुभ्र. भिंतीजवळच्या फळीवर प्रत्येक पेशंटच्या पाण्याची बाटली ओळीने मांडलेली. काकू त्या ओळीकडे बघत राहिल्या.

"ओळ छान आहे," बाहेर आल्यावर म्हणाल्या. "पण हात कुणाचा पोचतोय तिथवर?"

मी त्याच खोलीत उभा होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. पण खरं सांगू का, मला थोडा रागही आला. ऊन मी म्हणत होतं, कचेरीतून रजा मिळत नव्हती, आणि ही बाई आता बाटल्या बघत बसली आहे असं वाटलं. आपलं माणूस कुठे मरणार हे ठरवत हिंडण्याइतकं थकवणारं काम दुसरं नसेल. घरी आलो की काका विचारत, "काय, जमलं का?" रोज त्यांचा आवाज थोडा खाली गेलेला असे. अंगाला चादर लागली तरी ते कळवळत. घरच्या गोळ्यांनी आता काही होत नव्हतं.

मग सरोजिनी नगरची जागा. विमानतळाच्या अलीकडे, कानपूर रोडवरून आत, एक जुना बंगला. डोक्यावरून विमानं जात. आम्ही आत गेलो तेव्हा एक सिस्टर एका म्हाताऱ्याला खिचडी भरवत होती. ती उठली नाही. आमच्याकडे बघून म्हणाली, "बैठिए आप लोग. पहले इनका खाना हो जाए."

म्हातारा सावकाश खात होता. एक घास, मग विश्रांती. सिस्टरच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. आम्ही बाकावर बसून राहिलो. प्रत्येक कॉटला चिकटून एक स्टूल होतं आणि स्टुलावर पाणी.

"बेटा, ज़रा पानी मिलेगा?" खिचडी संपल्यावर काकूंनी विचारलं.

पाणी आलं. काकूंनी ते घटाघट पिऊन टाकलं. रिकामा ग्लास बघून मला इतकं हायसं वाटलं की काकांना कसं आणायचं, गाडीत मागे गादी कशी टाकायची, हे सगळं मी मनात ठरवूनही टाकलं. सिस्टर म्हणाली, "एक बेड आज ही ख़ाली हुआ है."

काकू उठल्या. हात जोडले. "अच्छा, घर जाकर बताते हैं."

गाडीत मी विचारलं, "काकू, पाणी तर संपवलंत?"

"हो रे. चांगली आहे जागा."

"मग हो म्हणायचं ना! आत्ता फोन करू?"

"उद्या करू. थांब."

दुसऱ्या दिवशीही त्या "थांब" म्हणाल्या. काका उशीचं टोक दातांत धरून पडले होते. तिसऱ्या दिवशी मी काकूंना न विचारता फोन केला. बेड गेला होता.

मी हे सांगितलं तेव्हा काकू स्वयंपाकघरात पेज गाळत होत्या. गाळणं हातात तसंच राहिलं. "माझ्या तोंडातून दुसरं काही आलंच नाही रे," त्या म्हणाल्या. "जन्मभर तेच म्हणत आले." मग गाळणं खाली ठेवत, "हो म्हटलं असतं तर ह्यांची पाठवणी करावी लागली असती."

किती मुलींच्या पाठवणीत मी या बाईंना पदर खोचून लगबग करताना पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तीच सिस्टर उभी. फोनवर मी रडकुंडीला आलो होतो, तेव्हा तिने पत्ता विचारून घेतला होता. "बेड मिलने में देर लगेगी, माताजी. तब तक हम घर आ जाया करेंगे."

"घर भी आते हो? बताया क्यों नहीं, बेटा?"

"आपने पूछा कहाँ? आप तो पानी पीकर चली गईं."

सिस्टरने डॉक्टरांशी बोलून औषध सुरू केलं. दुपारपर्यंत काकांचं कपाळ सैल झालं. कितीतरी दिवसांनी त्यांनी डोळे नीट उघडले, सिस्टरकडे पाहिलं आणि काकूंना म्हणाले, "अगं, मुलीकडचेच आले की बघायला! पोहे तरी कर." काकूंनी खरंच पोहे केले. सिस्टरने दोनदा घेतले.

काका त्याच आठवड्यात गेले. घरीच, दुपारी, कूलरच्या आवाजात, झोपेत. बेड रिकामा झाल्याचा फोन नंतर आला.

काकूंनी लग्नं जमवणं सोडलं. कुणी फोटो घेऊन आलं तर चहा पाजून परत पाठवत. उशीचं ते टोक त्या कधी विसरल्या नाहीत. मी खूप समजावलं, उपयोग झाला नाही. एकदा मला म्हणाल्या, "माझ्या वेळी 'कळवतो' म्हणालास तर बघ." मी म्हटलं, "काहीतरीच काय काकू." त्या म्हणाल्या, "हो म्हण आधी." मी हो म्हटलं.

गेल्या हिवाळ्यात ती वेळ आली. लेक मुलाला घेऊन येऊन गेली होती, पुन्हा निघायची तयारी करत होती. फोनवर म्हणाली, "दादा, तुम ही देख लो ना. आईला तुझंच पटतं." मी दुसरी जागा बघितलीच नाही. सरळ सरोजिनी नगर गाठलं. सिस्टरच्या केसांत आता पांढरे दिसत होते. तिने मला ओळखलं नाही.

"बेड है," ती म्हणाली. "घर में सलाह करके बता दीजिएगा."

"सलाह हो चुकी है," मी म्हणालो. "आज ही लाता हूँ."

संध्याकाळच्या आत काकूंना नेलं. कॉटवर ठेवल्याबरोबर त्यांचे ओठ हलले. सिस्टर खाली वाकली. पाणी हवं होतं. गिळणं जड झालेलं, म्हणून तिने ग्लास आणि चमचा आणला आणि स्टूल ओढून बसली. काकूंचे डोळे सावकाश फिरले. खिडकी, शेजारची कॉट, तिथे हाताशी ठेवलेलं पाणी. वरून एक विमान गेलं. कुणीतरी सिस्टरला दारातून हाक मारली. ती म्हणाली, "आती हूँ, पहले इनका पानी हो जाए."

चमच्याचमच्याने, मध्ये थांबत, काकूंनी तो सगळा ग्लास संपवला. मग माझ्याकडे बघून त्यांनी मान डोलावली. मी त्यांची पिशवी आणायला गाडीकडे गेलो आणि दार उघडं ठेवून तिथेच थोडा वेळ बसून राहिलो.