बिनवासाचं लिक्विड

आमच्या सोसायटीतल्या लोकांचा मला राग येतो आणि मी तो लपवत नाही. परळहून नवघरला येऊन सतरा वर्षं झाली. त्यातली बरीचशी मी एका रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये घालवली, केमिस्ट्री माझ्या हाडात मुरलेली. त्यामुळे जिने धुणाऱ्या मावशी वॉचमनच्या संडासाबाहेर छाती धरून बसलेल्या दिसल्या, तेव्हा वासावरूनच मला कळलं काय झालंय ते. ॲसिड ओतलं होतं आणि लवकर पांढरं व्हावं म्हणून वर ब्लीचिंग पावडर टाकली होती. दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन सुटतो. मावशींच्या डोळ्यांतून धारा, तोंडातून शब्द फुटेना. मी त्यांना ओढत गेटपर्यंत मोकळ्या हवेत आणलं. तर चेअरमन गॅलरीतून विचारतायत, "क्या हुआ? पहला माला बाकी है ना?"

असा संताप आला म्हणून सांगू!

डॉक्टर म्हणाले, छाती नाजूक झालीय, पुन्हा हा धूर गेला तर जिवावर बेतेल. मावशी इथल्याच जुन्या गावातल्या. नवरा गेलेला, हातात चार बिल्डिंगची कामं. घरी बसणं त्यांना परवडणारं नव्हतं.

पुढच्या मीटिंगला मी तोंड सोडलं. तुमच्या फरशीवरचा डाग जावा म्हणून एका बाईची छाती जाळणार का? आणि ते ॲसिड नाल्यातून जातं कुठे? खाडीत ना? सगळे खाली माना घालून बसले. म्हटलं, लाज वाटली असेल. कसली लाज, मोबाईल बघत होते!

मग मीच लिक्विड करून द्यायचं ठरवलं. टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग म्हणजे शेवटी क्षार. त्यांना सायट्रिक ॲसिड पुरतं, किराणावाला ‘निंबू का फूल’ म्हणून देतो तेच. त्यात रिठ्याचं पाणी. धूर नाही, हात भाजत नाहीत, नाल्यात गेलं तरी कुणाचं वाईट करत नाही. दर रविवारी मी दोन कॅन भरून ठेवायचे. कमिटी खूश. गेटवर ‘पर्यावरणस्नेही सोसायटी’ असा हिरवा बोर्ड लागला, बोर्डाखाली फोटो निघाले. फोटोत मावशींना कुणी बोलावलं नाही.

पंधरा दिवसांत ग्रुपवर कुरकुर सुरू. ॲसिडसारखा फेसच येत नाही. वासच येत नाही. बाई नुसतं पाणी मारून जातेय. पाचव्या माळ्यावरच्या बाई तर म्हणाल्या, "ॲसिड कसं, डोळ्यांत जायचं, कळायचं तरी की साफ झालंय." काय बोलणार, कपाळ! मी क्षार, आम्ल सगळं समजावून भलामोठा मेसेज टाकला. कुत्र्याने वाचला नाही. डाग मात्र खरंच राहत होते आणि ते का राहतात, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात येत नव्हतं.

महिन्याभरात मावशींना काढलं. सेक्रेटरी गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमचं लिक्विड एक नंबर आहे. बाईच कामचोर आहे."

मी तणतणत मावशींच्या घरी गेले. कमिटीला धारेवर धरते, तुम्हाला परत कामावर आणते, असं सांगायला. त्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुमचं पाणी अर्धा तास मुरवायला लागतंय. सात माळे हायत, दोन विंग. पुढं तीन बिल्डिंगी. मी अर्धा तास कुठनं आणू? मारायची नि लगेच पुसायची. डाग जाईल कसा?"

"अहो, मग मला सांगायचं ना!"

"तुम्ही एवढ्या मायेनं करत होत्या. कसं सांगू?"

तोंडात मारल्यासारखं झालं. अर्धा तास हे मी स्वतः कॅनवर मार्करने लिहिलं होतं. बाटलीत काय आहे याचा विचार केला, नाल्याचा केला, खाडीचा केला. मावशींना दिवसभरात किती वेळ मिळतो, हे एकदाही विचारलं नाही. कमिटीला इतक्या शिव्या दिल्या, पण त्या घटकेला मला माझाच सगळ्यात जास्त राग आला.

"आता काय करताय?" मी विचारलं.

"मीरा रोडला टावरमधी काम लागलंय."

"तिथे काय वापरतात?"

"ॲसिडच. झटकन होतंय."

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि माझा हात धरला. मला वाटलं, धीर देतायत.

"ताई, तिथं तुमच्या वळखीचं कोनी असंल तर एक करा," त्या म्हणाल्या. "माझ्या छातीचं सांगू नका. ठेवनार न्हाईत."