हातावर ठेवलेलं रिव्हॉल्व्हर

शहाजी बर्गे कोरेगावकडचा. फौजेत शस्त्रं दुरुस्त करण्याच्या वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षं काढून तो दोह्याला आला आणि युसुफ नावाच्या व्यापाऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झाला. माझे यजमान तेल कंपनीत इंजिनिअर होते. आम्ही एअरपोर्टच्या बाजूला राहायचो आणि शहाजी बहुतेक शुक्रवारी आमच्याकडे जेवायला असायचा. बोलणं कमी. ताटाखालची जागा स्वतः पुसून उठायचा. गावाकडे त्याची बायको अंजना आजारी होती. तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती आणि पुण्याला ऑपरेशन व्हायचं होतं. त्या ऑपरेशनसाठीच तो इथे राहिला होता.

युसुफला पिस्तुलं, रिव्हॉल्व्हरं जमवायचा नाद होता. पाहुण्यांना बसवायच्या त्याच्या मोठ्या खोलीत, मजलिसमध्ये, एक काचेचं कपाट होतं. त्यातली हत्यारं पुसायचं, तेल द्यायचं काम शहाजीकडे आलं. समुद्राच्या दमट हवेत लोखंड फार लवकर गंजतं. थंडीत एखादा विक्रेता दोन-तीन नवी हत्यारं घेऊन यायचा, ती सतरंजीवर मांडली जायची आणि सगळे पाहुणे मतं द्यायचे. शेवटी युसुफ शहाजीला बोलवायचा. तरुणपणी मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईत राहिल्यामुळे युसुफला हिंदी चांगली येत होती. शहाजी हत्यार उघडून पाहायचा आणि फक्त दोष सांगायचा. नळी आतून खाल्लेली आहे, चाप सैल आहे, असं. ज्यात दोष निघणार नाही ते युसुफ विकत घ्यायचा.

त्र्याऐंशीच्या थंडीत विक्रेत्याने एक नवंकोरं चकचकीत पिस्तूल आणि एक जुनं इंग्रजी रिव्हॉल्व्हर आणलं. पाहुण्यांना पिस्तूल आवडलं होतं. शहाजीने रिव्हॉल्व्हर हातात घेतलं आणि त्याला दोष सापडेना. वर्कशॉपमध्ये त्याने अशी शेकडो उघडली होती. तो म्हणाला, "साहेब, बहुत सुंदर है. यही लो."

युसुफने तिथल्या तिथे रिव्हॉल्व्हर घेतलं आणि सर्वांसमोर शहाजीच्या हातावर ठेवलं. "अच्छी लगी? तो तेरी हुई."

तिथली रीत अशी की कुणी वस्तूची मनापासून स्तुती केली की यजमान ती देऊ करतो, आणि पाहुण्याने म्हणायचं असतं, "नको, ही तुमच्याच हाती शोभते." वस्तू जागच्या जागी राहते आणि दोघांचाही मान राहतो. शहाजीला हे कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे मोठ्याने दिलेलं नाकारणं म्हणजे उद्धटपणा. त्याने दोन्ही हात पुढे केले, रिव्हॉल्व्हर कपाळाला लावलं आणि खाली वाकून नमस्कार केला. एक म्हातारा पाहुणा तेवढा हसला. दिलेला शब्द युसुफला मागे घेता येईना.

पुढच्या शुक्रवारी शहाजी जेवला नाही. परदेशी माणसाच्या खोलीत हत्यार सापडलं तर तुरुंग, हे त्याला ठाऊक होतं. खोलीत आणखी पाच जण राहत होते. त्याने रिव्हॉल्व्हर कापडात गुंडाळून गादीखाली ठेवलं होतं. ते आमच्याकडे ठेवता येईल का, असं त्याने विचारलं. ह्यांनी साफ नकार दिला आणि म्हणाले, आजच्या आज मालकाला परत कर.

"तोंडावर फेकल्यासारखं हुईल, साहेब," शहाजी म्हणाला. "चार माणसांत दिलंय त्यांनी. त्यांनी रागानं व्हिसा रद्द केला, तर अंजनाचं काय?"

मी पण त्याला समजावलं. तो मान डोलवत राहिला, आणि परत जाताना गलबतांच्या धक्क्यावर थांबून रिव्हॉल्व्हर पाण्यात टाकून गेला.

दोन दिवसांनी युसुफने त्याला बोलावून घेतलं. तो रागावलेला नव्हता. त्याने शांतपणे सांगितलं की वस्तू तुझीच आहे, पण तुझ्याकडे परवाना नाही, तेव्हा कपाटात ठेव, मी तुझ्या वतीने सांभाळतो. शहाजीने खरं ते सांगितलं. युसुफचा त्यावर विश्वास बसला असावा, असं मला अजून वाटतं. पण रिव्हॉल्व्हर त्याच्या नावावर नोंदलेलं होतं आणि ते हरवल्याचं पोलिसांना कळवणं त्याला भाग होतं. पोलिसांनी धक्क्यावर उतरवलेल्या पाणबुड्यांना तळाशी चिखलाखेरीज काही मिळालं नाही. शहाजीने हत्यार कुणाला तरी विकलं, असंच पोलिसांनी धरलं. सहा महिने तो तुरुंगात होता. मी डबा घेऊन जायचे. डबा आत पोचायचा की नाही, कळायचं नाही.

मायदेशी पाठवायच्या दिवशी हे त्याची बॅग घेऊन एअरपोर्टवर गेले. युसुफही आला होता. त्याने मनगटावरचं सोन्याचं घड्याळ काढलं आणि म्हणाला, "बीवी के लिए रख." शहाजीने दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको," तो मराठीतच म्हणाला. युसुफने पुन्हा आग्रह केला. ह्यांनीही सांगितलं, अरे, घे, ऑपरेशन होईल तिचं. बाजूला पोलीस उभा होता. शहाजी त्या पोलिसाकडे बघत राहिला आणि हात काही त्याने पुढे आणले नाहीत.

अंजना पुढच्या आषाढात गेली.