जाळ्या काढलेली गाडी

नातवानं गाडीचा एअर फिल्टर झटकला, कोंड्याचा वास आला आणि माझा जुना संताप उसळला.

तेव्हा माझी आई माहेरी, सौंदडला आजारी होती. आम्ही निघालो यांच्या लाडक्या स्पोर्ट्स कारनं. ती उभी राहायची आमच्याच भातगिरणीत, तरी कार्बोरेटरच्या तोंडावरच्या, कोंडा अडवणाऱ्या जाळ्या यांनी काढून टाकलेल्या. भर उन्हात, अर्ध्या वाटेत कोंड्यानं चोंदून गाडी बंद पडली.

“जीप काऊन नाही काढली? तिले कोंडा धरणारा तेलाचा फिल्टर आहे ना!” मी ओरडले.

“जाळी लावली का इंजनाचा आवाज दबते,” कार्बोरेटर फुंकत हे म्हणाले.

पोहोचेपर्यंत दिवस कलला. आई खाटेवरून हसली. “आवाजावरूनच समजलं, माही पोरगी येऊन राहिली.”

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही जिंकलेच.

आता हे नाहीत. तरी सांगते, जीपच काढायला हवी होती.